कोयता विकत घेताना

(विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात ऊसतोडणी हंगामापूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून काहींना हसू आले असेल. बियाणे, खते, पाणी व्यवस्थापन यांवर बोलायचे सोडून हे गुरुजी कोयत्यावर काय बोलणार? कोयता कसा घ्यायचा हे आम्हांला शिकवायला हवे काय? तुमचे म्हणणे रास्त आहे. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्या वयाहून अधिक वर्षे कोयता चालवला आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्याचे कारण आधी सांगतो.

बारा वर्षांपूर्वी मी कृषि पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा आमचा दोन एकर ऊस तोडणीला आला होता. घरचा जुना कोयता पात्यातच मोडला होता. वडिलांनी सांगितले, लोहाराकडून नवा करून आण. मी मात्र आठवड्याच्या बाजारातून एक चकचकीत कोयता आणला. रंगीत मूठ, आरशासारखे पाते, आणि लोहाराच्या कोयत्यापेक्षा चाळीस रुपये स्वस्त. तिसऱ्या दिवशी मूठ हातात फिरू लागली. मी ती दगडावर ठोकून घट्ट केली आणि काम चालू ठेवले. तासाभराने घाव घालताना मूठ हातात राहिली आणि पाते निसटले. माझ्यामागे चार-पाच हातांवर माझी चुलती मोळी बांधत होती. पाते तिच्या उजव्या मनगटावर बसले. सतरा टाके पडले. जखम भरली, पण आतली शीर तुटल्याने करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आजही मिटत नाही. गोठ्यातल्या म्हशीची धार तेव्हापासून ती डाव्या हाताने काढते.

पुढे मी ते पाते आमच्या गावच्या लोहाराला दाखवले. त्यांनी ते हातात घेतले, ऐरणीवर एकदा टोकले आणि म्हणाले, "ह्याला पाणीच नाही. आणि हे शेपूट बघा, बोटाएवढं. ह्याच्यावर कोण भरवसा ठेवील?" त्यांनी जे अर्ध्या मिनिटात ओळखले ते मला पदवीच्या चार वर्षांत कोणी शिकवले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. त्यानंतर मी लोहारांकडे बसून, पुस्तके पाहून जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

कोणत्या कामाला कोणते हत्यार

खरेदीला निघण्यापूर्वी काम ठरवावे. एकच हत्यार सर्व कामांना वापरण्याची आपली सवय हे मोडतोडीचे व अपघाताचे मोठे कारण आहे.

भात, गहू, गवत कापण्यासाठी विळा. त्यातही दातेरी वैभव विळा घेतल्यास वरचेवर धार लावावी लागत नाही. ऊसतोडणीसाठी रुंद व पातळ पात्याचा कोयता, कारण उसाचे कांडे टणक असले तरी लाकूड नव्हे. कुंपणाच्या फांद्या, बाभळीचे शिरे, जळण यांसाठी जाड पाठीचा, वजनदार कोयता. कोकणात कमरेच्या आकडीत अडकवतात ती कोयती याच प्रकारची आहे. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि हत्यार पडत नाही, अशी ती सोय पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. मनगटापेक्षा जाड ओंडका मात्र कुऱ्हाडीनेच तोडावा.

राखणीला माळ्यावर, डोंगरातल्या वस्तीवर किंवा मुलांबरोबर गडावर मुक्कामाला जाताना अनेकजण खिशातला घडीचा चाकू नेतात. घडीचा चाकू कलमाला आणि फळ कापायला ठीक आहे. त्याचा सांधा हाच त्याचा कमकुवत भाग असतो. दोरखंड कापताना, मेखा तासताना, जळणाच्या चिंपा काढताना सांध्यावर जोर येतो आणि पाते बोटांवर मिटते. अशा कामाला न मिटणारी, एकसंध पात्याची सुरी घ्यावी. पात्याची लांबी १० ते १५ सेंटिमीटर आणि पाठीची जाडी ३ ते ४ मिलिमीटर असली की पुरे. हातभर लांबीची सुरी दिसायला मर्दानी वाटते, पण बारीक कामाला ती निरुपयोगी आणि मोठ्या कामाला कोयत्याहून कमी. पुढे जे निकष सांगणार आहे ते या सुरीलाही तसेच लागू आहेत.

पाते कशाचे आहे?

लोखंड आणि पोलाद यांत मुख्य फरक कर्बाचा असतो. ज्या लोखंडात कर्ब पाव टक्क्याहून कमी असतो, म्हणजे खिडकीचे गज, पत्रे, पट्ट्या, त्याला कितीही तापवून बुडवले तरी ते धार टिकण्याइतके कठीण होत नाही. त्याला धार लागते, पण ती दहा घावांत वळते. हत्यारासाठी साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक कर्बाचे पोलाद हवे. मोटारीच्या कमानीच्या पाट्यात कर्ब सर्वसाधारणपणे ०.५ ते ०.६ टक्के असतो. शिवाय तो लवचिक असतो, म्हणून घाव सोसतो. आपले लोहार कोयत्यासाठी कमानपाटा पसंत करतात ते याच कारणाने.

चकचकीत, न गंजणाऱ्या पोलादाविषयी एक खुलासा. त्याचे अनेक प्रकार आहेत. काही प्रकार उत्तम कठीण होतात व चांगल्या सुऱ्यांना वापरले जातात. परंतु स्वयंपाकाची भांडी ज्या प्रकारची असतात, ते पाणी देऊन कठीण होत नाही. म्हणून केवळ चकाकीवर जाऊ नका. साधे पोलाद गंजते हे खरे, पण तेलाचा हात फिरवला की गंज आवरतो.

पाणी देणे म्हणजे काय?

पोलाद चांगले असूनही पाणी बिघडले तर हत्यार वाया जाते. पाणी देण्याच्या दोन पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी घाईत गाळली जाते.

पहिली पायरी कठीण करण्याची. पाते लालबुंद तापवून एकदम थंड करतात. ताप पुरेसा झाला हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे: पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोहोचले की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याहून थोडे अधिक तापवून बुडवावे. कमानपाट्याचे पोलाद पाण्यात बुडवल्यास तडा जाण्याचा संभव असतो, म्हणून ते तेलात बुडवणे चांगले.

दुसरी पायरी उतरवण्याची. बुडवलेले पाते काचेसारखे कठीण पण ठिसूळ झालेले असते. ते घासून पांढरे करून पुन्हा हलके तापवले की पृष्ठभागावर रंग चढत जातात. २२० ते २३० अंशांना फिकट पिवळा, साधारण २५५ ला तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा आणि ३०० ला निळा. रंग जितका पुढे, तितका कठीणपणा कमी आणि चिवटपणा जास्त. वस्तऱ्यासारख्या हत्याराला पिवळा रंग चालतो, कारण त्याला घाव सोसायचा नसतो. कोयत्याची धार जांभळ्यापर्यंत उतरवावी आणि पाठ निळी किंवा त्याहूनही मऊ ठेवावी. धार कठीण आणि पाठ चिवट, हा चांगल्या कोयत्याचा गुण आहे. लोहाराकडून करून घेत असाल तर हे काम समोर उभे राहून करून घ्या आणि त्यांना घाई करू नका.

हे समजले की दोन चुका टळतात. पहिली, पाते चुलीत किंवा शेकोटीत धरू नये. निखारे ढोसायला कोयता वापरला की दिलेले पाणी उतरते आणि ते परत आणायला पुन्हा भट्टीच लागते. दुसरी, विजेच्या चाकावर धार लावताना कड निळी पडली तर तेवढा भाग मऊ झाला असे समजावे. पाते वरचेवर पाण्यात बुडवत धार लावावी. उघड्या बोटाला चटका बसण्याआधी थांबावे.

शेपूट आणि मूठ

माझ्या चुलतीचा हात गेला तो याच भागामुळे, म्हणून येथे जरा थांबतो. मुठीच्या आत जाणारा पात्याचा भाग, ज्याला आपण शेपूट म्हणतो, तो खरेदीच्या वेळी दिसत नाही. म्हणून फसवणूक तेथेच होते.

शेपटाचे तीन प्रकार आढळतात. पहिला, मुठीच्या आकाराची पट्टी शेवटपर्यंत गेलेली आणि दोन्ही बाजूंनी लाकूड बसवून दोन-तीन रिव्हेटांनी जखडलेली. ही रचना सर्वांत भरवशाची, आणि लोखंड कडेने उघडे दिसत असल्याने तपासायला सोपी. लाकूड फुटले तरी पाते सुटत नाही. दुसरा, निमुळते शेपूट लाकडात ठोकलेले. यात शेपूट मुठीच्या मागून बाहेर काढून वळवलेले असावे आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी शेंबी घट्ट बसवलेली असावी. तिसरा, बोटभर शेपूट लाकडात किंवा प्लॅस्टिकमध्ये नुसते खुपसलेले. हा प्रकार कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मुठीच्या मागे लोखंड दिसत नसेल आणि कडेलाही दिसत नसेल, तर विक्रेत्याला स्पष्ट विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुढच्या दुकानात जा.

पाते जेथे मुठीत शिरते तेथे काटकोनी खाच नसावी. गोलाई असावी. काटकोनात ताण साचतो आणि तेथूनच तडा जातो. आमचा जुना कोयता नेमका तेथेच मोडला होता.

मुठीसाठी बाभूळ, तिवस, धामण ही लाकडे चांगली. लाकूड वाळलेले असावे. ओल्या लाकडाची मूठ पावसाळ्यात घट्ट वाटते आणि उन्हाळ्यात आकसून ढिली पडते. मूठ गोल नको, अंड्यासारखी लांबट हवी. लांबट मूठ हातात फिरत नाही आणि अंधारातही धार कोणीकडे आहे ते कळते. मागच्या टोकाला बोंड असावे, म्हणजे घामाने हात निसटत नाही. जाडी प्रत्येकाच्या हाताप्रमाणे. मूठ आवळल्यावर बोटांची टोके तळव्याला जेमतेम टेकावीत. वर्षातून दोनदा जवसाचे तेल चोळावे.

वजन आणि तोल

ऊसतोडणीत दोघांच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात हे आपण जाणता. त्या जोडीत बहुतेक वेळा नवरा-बायको असतात, आणि हत्यार मात्र पुरुषाच्या हाताच्या मापाने घेतलेले असते. बहिणींनी स्वतःचा कोयता स्वतः हातात धरून निवडावा. शंभर ग्रॅम जास्त वजन एका घावाला जाणवत नाही. दिवसभराच्या हजारो घावांना ते खांद्यात आणि मनगटात साठते. उसासाठी साधारण अर्धा किलोच्या आसपासचा कोयता बहुतेकांना सोसतो. लाकूडतोडीचा पाऊण किलोपर्यंत चालेल.

तोल पाहण्यासाठी कोयता बोटावर आडवा ठेवावा. तोलाचा बिंदू मुठीच्या पुढे, पात्याकडे असला पाहिजे, म्हणजे घावाला वजन मिळते. लहान सुरीचा तोल मात्र मुठीजवळ, पहिल्या बोटाशी हवा. डावखुऱ्या व्यक्तीने एका बाजूने धार काढलेले हत्यार घेताना ती आपल्या हाताची आहे ना ते पाहावे.

बाजारात उभ्या उभ्या पाहण्याच्या खुणा

१. पाठीला धरून पाते लोंबते ठेवा आणि नखाने किंवा नाण्याने टिचकी मारा. आवाज खणखणीत व लांबणारा यावा. बद्द आवाज आल्यास आत तडा असू शकतो किंवा मूठ ढिली असते.

२. जुनी बारीक कानस खिशात न्यावी. विक्रेत्याच्या परवानगीने धारेजवळ हलकी फिरवावी. कानस लोण्यासारखी रुतली तर पाणी नाही. कानस मुळीच न धरता काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाते फार ठिसूळ आहे. किंचित धरावी, पण जोर लागावा.

३. धार खिळ्यावर आडवी दाबून पाहा. कड थोडी लवून परत आली तर उत्तम. वाकून तशीच राहिली तर मऊ. कपची उडाली तर कडक.

४. पाते डोळ्यासमोर धरून पाठीवरून नजर टाका. पीळ किंवा वाक नसावा.

५. मूठ एका हातात, पाते जाड कापडात गुंडाळून दुसऱ्या हातात धरून पिळा. जराही हालचाल जाणवली तर कोयता खाली ठेवा.

या पाच गोष्टींना पाच मिनिटे लागतात. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, चार माणसांना विचारतो. कोयत्याला पाच मिनिटे द्यायला हरकत नसावी.

धार आणि पिकाचे नुकसान

बोथट कोयत्याचा संबंध उत्पन्नाशी आहे, आणि कृषिविद्येचा अध्यापक म्हणून हे मला ठासून सांगायचे आहे. उसाच्या बुडाकडील कांड्या आधी पक्व होतात व त्यांत साखर जास्त असते. धार बोथट असली की तोडणारा नकळत वर घाव घालतो आणि सर्वांत गोड भाग शेतात राहतो. शिवाय बोथट घावाने बुडखा चिरतो. चिरलेल्या बुडख्यात रोगजंतू व किडी शिरतात आणि खोडवा विरळ फुटतो. धारदार कोयत्याने जमिनीलगत एका घावात तोडलेला बुडखा स्वच्छ राहतो. फळझाडांची छाटणी करतानाही साल फाटता कामा नये.

धारेचा कोन उसासाठी प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश आणि लाकडासाठी २० ते २५ अंश ठेवावा. कोन मोजायला साधन नको. वहीच्या कागदाचा कोपरा कर्णावर दुमडला की ४५ अंश होतात. पुन्हा एकदा दुमडला की साडेबावीस. तेवढा कोन दगडाशी धरून हाताला सवय करावी. आधी कानस, मग निसणा. रोज कामाच्या आधी दोन मिनिटे निसण्यावर घासलेली धार, आठवड्याने चाकावर लावलेल्या धारेपेक्षा हत्याराचे आयुष्य वाढवते.

आणखी एक गोष्ट. रोग पात्यावरूनही पसरतो. उसाच्या खोडव्याची वाढ खुंटवणारा जिवाणूजन्य रोग बेण्याच्या कोयत्यावरून एका टिपरीतून दुसरीत जातो. डाळिंबाचा तेल्या रोग छाटणीच्या कात्रीवरून पसरतो. म्हणून बेणे तोडताना व छाटणी करताना हत्यार १ टक्का सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात वरचेवर बुडवावे. या द्रावणाने पोलाद गंजते, त्यामुळे काम संपल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून तेल लावावे. रोगजंतू मारण्यासाठी पाते जाळावर धरू नये. त्याचे कारण वर आलेच आहे.

वापरताना घ्यावयाची काळजी

तोडणाऱ्याच्या हाताच्या व हत्याराच्या टप्प्यात, मागे किंवा पुढे, कोणी असू नये. किमान दोन माणसांच्या लांबीइतके अंतर ठेवावे. मूठ ढिली झाली तर ठोकून वेळ मारून नेऊ नये, काम थांबवावे. कोयता खांद्यावर टाकून, मोटारसायकलच्या हँडलला अडकवून नेऊ नये. चामड्याचे किंवा दुहेरी पोत्याचे म्यान करावे.

जखम झालीच तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि हात हृदयापेक्षा उंच ठेवावा. हळद, माती, तंबाखू भरू नये. बोट तुटले असल्यास ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि होईल तितक्या लवकर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचावे. धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नये. जखमेनंतर बोट वाकत नसेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगावे. आमच्याकडे नेमके तेच राहून गेले. टाके पडले, रक्त थांबले, आणि आम्ही घरी आलो.

कायद्याचीही माहिती असावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रे धरलेल्या नाहीत. मात्र अलीकडे शहरांत कोयत्याचे नाव भलत्याच कारणाने वर्तमानपत्रांत येते. त्यामुळे यात्रेत, बाजारात, एस.टी.त उघडा कोयता नेऊ नये, गुंडाळून न्यावा. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही. राधानगरी, कोयना, चांदोली यांच्या कडेच्या गावांनी हे विशेष ध्यानात ठेवावे आणि रानात मुक्कामाला जाण्यापूर्वी वनखात्याच्या चौकीत विचारून घ्यावे.

शेवटी

बंधू-भगिनींनो, आपल्या गावचा लोहार किंवा दिवाळीनंतर गावाबाहेर पाल टाकणारे घिसाडी बंधू यांच्या हातात ही विद्या आहे. त्यांच्याकडे जाताना काम काय करायचे ते सांगा, हात दाखवा, शक्य असेल तर कमानीचा तुकडा स्वतः न्या, आणि पाणी देताना समोर थांबा. त्यांनी चाळीस-पन्नास रुपये जास्त सांगितले तर घासाघीस जपून करा.

आज घरी गेल्यावर एकच गोष्ट करा. माळ्यावरचा, मेढीला अडकवलेला, सुना-मुली वापरतात तो, असे घरातले सर्व कोयते खाली काढा. प्रत्येकाची मूठ पिळून पाहा. जी हलेल ती उद्या सकाळी लोहाराकडे न्या. मी त्या दिवशी दगडावर ठोकण्याऐवजी एवढे केले असते, तर आमची चुलती आजही उजव्या हाताने धार काढत असती.